हाई काय शे? वावरात दिसलेला प्राणी ओळखायची रीत, पायांपासून जातीपर्यंत

पावसाळा लागला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कोणाच्या कपाशीच्या पानामागचे ठिपके, कोणाच्या मोरीत निघालेलं काळं, दोऱ्यासारखं वळवळणारं काहीतरी, कोणाच्या मक्याच्या पोंग्यात बसलेली अळी. खाली अहिराणीत एकच ओळ: ‘हाई काय शे?’, म्हणजे ‘हे काय आहे?’ अमळनेरकडच्या माणसाला यापेक्षा जास्त लिहायची गरज वाटत नाही. मी नाव कळवत नाही, उलट विचारतो, ‘पाय किती?’ समोरचा वैतागतो. पण हा प्रश्न मला वांग्यांनी शिकवला आहे.

घरच्या वावरात भरताची वांगी होती. पानांवर पिवळट बारीक ठिपके आले, मग पानं तांबूस होऊन वाळायला लागली. दुकानात पान दाखवलं, ‘कीड आहे’ म्हणून एक कीटकनाशक मिळालं. दोन फवारण्या झाल्या आणि रोग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. शेवटी पान उलटं करून भिंगाखाली धरलं, तर बारीक जाळी आणि तिच्यात फिरणारे लालसर ठिपके. पाय आठ. तो लाल कोळी होता. कोळी हा कीटक नाही, तो विंचवाच्या वर्गातला. कितीतरी कीटकनाशकांचा त्याला काही फरक पडत नाही. वर कोळ्यांना खाणारे मित्रकिडे मात्र मरतात आणि त्याचं आणखी फावतं. हवं होतं कोळीनाशक. सहा आणि आठ यांतला फरक न पाहिल्यामुळे दोन फवारण्यांचे पैसे पाण्यात गेले.

आधी नोंद, मग नाव

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं हातभिंग, फोन, वही-पेन्सिल आणि दहा रुपयांचं नाणं. नाणं फोटोत प्राण्याशेजारी ठेवायचं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून लांबी काढता येते. ‘बोटाएवढा’ म्हणजे कोणाच्या बोटाएवढा, हा वाद मिटतो.

फोटो किमान तीन: वरून, बाजूने आणि शक्य असेल तर पोटाकडून. वळवळणारा किडा असेल तर पारदर्शक डबीत घालून फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, पाच-दहा मिनिटं ठेवा. थंडीने तो मंदावतो, फोटो स्वच्छ येतो आणि ऊब मिळताच पुन्हा चालायला लागतो. साप, पक्षी, घोरपड यांना मात्र हात लावायचा नाही. धोका तर आहेच, शिवाय १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही आहे. त्यांचा फोटो लांबूनच काढायचा.

वहीत तारीख, वेळ, गाव, शिवार, कोणतं झाड, झाडाचा कोणता भाग, आणि प्राणी काय करत होता, हे लिहा. ‘वावरात सापडला’ एवढ्याने भागत नाही. नुसत्या जागेच्या नोंदीने काय घडतं आणि काय बिघडतं, याचा जगभर सांगितला जाणारा दाखला आपल्या खानदेशातलाच आहे.

रानपिंगळा हा सातपुड्यातला छोटा घुबडवर्गीय पक्षी. १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या भागात त्याचा पहिला नमुना मिळाला आणि १८७३ मध्ये अॅलन ह्यूम यांनी त्याचं वर्णन छापलं. पुढे १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशातून आणखी नमुने गोळा केले. १८८४ नंतर हा पक्षी कोणालाच खात्रीने दिसला नाही. मध्येच १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीला मिळाल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना होता, त्यामुळे लोक तिकडे शोधत राहिले. तो नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातली ती कातडी बारकाईने तपासली, तेव्हा तो डेव्हिडसनचाच जुना नमुना असून चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली आहे, असं निघालं. मांडवी बाद झाली. मग खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरून शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. नंतर तो यावल अभयारण्यातही आढळला. एक खोटी चिठ्ठी माणसांना चुकीच्या जंगलात हिंडवते आणि खऱ्या चिठ्ठीवरची शंभर वर्षांपूर्वीची जागा पक्ष्यापर्यंत नेते. तुमच्या वहीतली ‘अमुक शिवार, बांधावरची बाभूळ’ ही नोंद त्याच जातीची आहे.

सात पायऱ्या, रोहीच्या पाठीवर बसून

शाळेत पाठ केलेल्या पायऱ्या आठवा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वरून खाली येताना टोपली लहान होत जाते आणि आतल्या प्राण्यांचं साम्य वाढत जातं. इथे एक चिमटा काढतोच. ‘नवीन प्रजाती सापडली’ असं वर्तमानपत्रात येतं तेव्हा बहुतेक वेळा त्यांना ‘जाती’ म्हणायचं असतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रजाती ही वरची टोपली आणि जाती तिच्यातली. या लेखात मी तेच पाळतो.

आता हरभरा तुडवून जाणारी रोही घ्या. कोणी तिला नीलगाय म्हणतं, कोणी रानघोडा. शास्त्रीय नाव लावणाऱ्यांचाही गोंधळ उडालेला दिसतो, कारण तिचं नाव बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस. बोस म्हणजे बैल, एलाफस म्हणजे हरीण, ट्रॅगोस म्हणजे बोकड आणि कॅमेलस म्हणजे उंट. एका जनावरात चार जनावरं! नावावर विसंबलात तर फसलात, अंगाकडे पाहा.

पाठीचा कणा आहे, म्हणून संघ समपृष्ठरज्जू. अंगावर केस आहेत, मादी पिलाला दूध पाजते, म्हणून वर्ग सस्तन. गण ठरवायला वावरातल्या चिखलात उमटलेला खूर पाहा. घोड्याचा खूर एकसंध, रोहीचा दुभंगलेला. घोड्याचा गण इथेच सुटला. रोही समखुरी गणात गेली. मग कुल. सांबर-चितळांची शिंगं फांद्यांची, भरीव हाडाची, दरवर्षी गळून नव्याने येणारी. रोहीच्या नराची शिंगं आखूड, बिनफांद्यांची, आत हाडाचा गाभा आणि वर पोकळ आवरण, आणि ती गळत नाहीत. मराठीत दोघांनाही ‘शिंग’च म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. पोकळ शिंगवाल्यांचं कुल बोव्हिडे, म्हणजे गाय, म्हैस, शेळी आणि काळवीट यांचंच. हरणांचं कुल वेगळं. रोहीची आज हयात असलेली सर्वांत जवळची नातेवाईक चौशिंगा, आणि तिची उंची रोहीच्या निम्म्याहून कमी.

या सगळ्यात रंग आणि आकारमान कुठेही आलं नाही, खूर आणि शिंगाची बांधणी आली. वर्गीकरणात असं टिकाऊ लक्षण शोधायचं असतं. रंग वयाने, ऋतूने बदलतो. रोहीचा नर निळसर करडा, तर मादी तपकिरी असते.

कणा आहे का?

पहिला प्रश्न नेहमी हाच. मोरीत निघालेल्या त्या काळ्या दोऱ्याचा फोटो मला दरवर्षी येतो. लोक ‘काळं गांडूळ’ म्हणून सोडून देतात, नाहीतर ‘सापाचं पिल्लू’ म्हणून ठेचतात. भिंग लावून पाहा. अंगावर आडव्या वळ्या, कातडी ओलसर, खवले नाहीत, तर ते गांडूळ, वलयी प्राणी संघातलं. अंग कोरडं, चकचकीत, बारीक खवल्यांचं आणि मधूनच इवलीशी जीभ लवलवते, तर तो वाळा. हा पूर्ण वाढलेला, बिनविषारी साप आहे, मुंग्या-वाळवीची अंडी खाणारा. दोघांच्या दिसण्यात बोटभराचंही अंतर नाही, नात्यात मात्र संघाचंच अंतर आहे. वाळ्याची गंमत म्हणजे त्याच्यात फक्त माद्याच असतात. नराशिवाय त्यांचा वंश चालतो.

कणा नसणाऱ्यांचे संघ अनेक, पण आपल्या भागात बहुतेक वेळा चारांशीच गाठ पडते. मऊ अंग, बहुधा शंख किंवा शिंपला: मृदुकाय, म्हणजे गोगलगाय आणि तापीतल्या शिंपल्या. अंग वळ्यावळ्यांचं: वलयी, म्हणजे गांडूळ, जळू. केळीच्या मुळांवर गाठी करणारे, डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी: गोलकृमी. आणि सांध्यांचे पाय असणारे संधिपाद. कंटकचर्मी, म्हणजे तारामासा आणि मंडळी, खानदेशात शोधू नका. हा अख्खा संघ समुद्रातच राहतो, गोड्या पाण्यात त्याची एकही जाती नाही.

पाय मोजा, पण जपून

ओळखीच्या प्राणिजातींतल्या बहुसंख्य जाती संधिपाद आहेत, त्यामुळे तुमचा बराच वेळ इथेच जाणार. सहा पाय असतील तर कीटक. आठ असतील तर कोळी, विंचू, गोचीड. चिमटे धरून दहा असतील तर खेकडा, झिंगा. अंगाच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असेल तर गोम, बहुतेक खंडांना दोन जोड्या असतील तर पावसात भिंतीवर चढणारा पैसा.

मोजताना चार ठिकाणी फसायला होतं. विंचवाचे पुढचे चिमटे पाय नसतात. ते सोडून आठ मोजायचे. लाल कोळ्यांची नुकतीच फुटलेली पिलं सहाच पायांची असतात, म्हणून पानावरचा एकच ठिपका पाहून निकाल देऊ नका, दहा पाहा. रुईवर बसणाऱ्या बिबळ्या कडव्या फुलपाखराचे पुढचे दोन पाय आखडून छातीशी घेतलेले असतात, त्यामुळे ते चार पायांचं वाटतं. आणि अळी: छातीशी खऱ्या पायांच्या तीन जोड्या, मागे मांसल, चिकटून धरणारे खोटे पाय. खोटे पाय पाचपेक्षा जास्त जोड्यांचे असतील तर ती पतंग-फुलपाखराची अळी नाही, करवतमाशीची आहे.

कीटकाचा गण पंखांवरून

पांढरी माशी कपाशीवाल्यांना नव्याने सांगायला नको. पण ती माशी नाही. खऱ्या माशीला दोनच पंख असतात, मागची जोडी झिजून टाचणीच्या डोक्यासारखी संतुलकं बनलेली असते. पांढऱ्या माशीला चार पंख असतात, पिठूळ, आणि तोंड सोंडेसारखं, रस शोषणारं. तिची भावकी मावा, तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण यांची. नातं कळलं की वागणं कळतं: हे सगळे रस पितात, बरेचसे गोड चिकटा सोडतात, त्यावर काळी बुरशी येते, आणि पिलं पानाच्या मागे सापडतात. घरमाशीसारखी उकिरड्यात अळी होईल म्हणून शोधायला गेलात तर काही मिळणार नाही.

ढेकूण आणि भुंगा यांतही गल्लत होते. पाठीवरून पाहा. पुढचे पंख कडक आणि मधोमध सरळ रेषेत मिळत असतील तर भुंगा; माव्यावर ताव मारणारा ढालकिडा, केळीच्या खोडातला सोंडकिडा, दोघेही इथेच. पाठीवर त्रिकोण आणि त्यामागे पंख एकमेकांवर चढून फुलीसारखी रेघ दिसत असेल तर ढेकणाचा गण. बोंडावरचा लाल ढेकूण पाहा, फुली स्पष्ट दिसते. बाकी, पंखांवर बोटाला लागणारी भुकटी म्हणजे पतंग-फुलपाखरू. चार पातळ पंख आणि बारीक कंबर म्हणजे मधमाशी, गांधीलमाशी, मुंगी.

आता उधई, म्हणजे वाळवी. तिला पांढरी मुंगी म्हणतात, पण मुंगीची कंबर बारीक आणि तिचा स्पर्शक कोपरासारखा वाकलेला. उधईची कंबर जाड, स्पर्शक मण्यांच्या माळेसारखा सरळ. जुन्या पुस्तकांत उधईला स्वतंत्र गण दिलेला सापडेल. जनुकीय अभ्यासांनी, विशेषतः २००७ च्या एका अभ्यासाने, ती झुरळांच्याच भावकीतली निघाली आणि आता तिला झुरळांच्या गणात धरतात. तेव्हा पुस्तक कोणत्या साली छापलंय ते आधी पाहा.

कणावाल्यांपैकी थोडं

वर्ग ठरवणं सोपं: कल्ले आणि पर म्हणजे मासा, ओली, बिनखवल्यांची कातडी म्हणजे उभयचर, कोरडे खवले म्हणजे सरीसृप, पिसं म्हणजे पक्षी, केस आणि दूध म्हणजे सस्तन. अडचण नावांची. वटवाघूळ उडतं, पण केसाळ आहे, म्हणून सस्तन. खवले मांजराला खवले आहेत, पण ते सरीसृप नाही आणि मांजरही नाही. उदमांजरही मांजर नाही. मांजराच्या कुलातलं खरं मांजर म्हणजे रानमांजर. तसाच पाणकावळाही कावळा नाही.

सापांबद्दल एकच जोडी सांगतो, कारण तिथे चूक परवडत नाही. मण्यार आणि कवड्या दोघेही गडद, अंगावर पांढुरके आडवे पट्टे. मण्यारीचे पट्टे मानेकडे फिके किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक आणि बहुधा जोडीने. कवड्याचे मानेपासून ठळक, शेपटीकडे विरत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या रांगेतले खवले बाकीच्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी. नाग आणि मण्यार एका कुलातले, त्यांचं विष मुख्यतः मज्जासंस्थेवर जातं. घोणस आणि फुरसं दुसऱ्या कुलातले, त्यांचं रक्तावर. हे सगळं फोटोवरून, सावकाश, घरी बसून करायचं. दंश झाला असेल तर साप ओळखत किंवा पकडत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं.

स्वतःची किल्ली बनवा

इथवरचे प्रश्न एकाखाली एक मांडले की दोन फाट्यांची किल्ली तयार होते. प्रत्येक पायरीवर दोनच वाटा, आणि प्रत्येक वाट पुढच्या आकड्याकडे किंवा नावाकडे नेते. कपाशीसाठी माझ्या वहीतली अशी:

१. सांध्यांचे पाय सहा: २ वर जा. आठ: लाल कोळी किंवा भक्षक कोळी, जाळी आणि नुकसान पाहा.
२. पूर्ण पंख आहेत: ३ वर जा. नाहीत: ५ वर जा.
३. पुढचे पंख कडक, मधोमध सरळ रेघ: भुंग्यांचा गण. तसे नाहीत: ४ वर जा.
४. पंख पिठूळ पांढरे, किडा तिळापेक्षा लहान: पांढरी माशी. तसे नाहीत: फोटो घेऊन थांबा.
५. अंग लांबट, मागे मांसल खोटे पाय: पतंगाची अळी. खोटे पाय नाहीत: मावा, तुडतुड्याचं पिल्लू, पिठ्या ढेकूण यांपैकी पाहा.

किल्लीत ‘मोठा’, ‘सुंदर’, ‘थोडा गडद’ असले शब्द घालू नका. मोजता किंवा दाखवता येईल तेच. मग ती अशा माणसाच्या हाती द्या ज्याला यातलं काही माहीत नाही. माझी पहिली किल्ली पुतण्याने पाच मिनिटांत मोडून काढली, कारण त्याने पंख नसलेलं पिल्लू आणलं होतं आणि मी सगळे प्रश्न पंखांवरच रचले होते. पाचवी ओळ त्याची.

जातीपर्यंत, आणि नाव लिहिण्याची शिस्त

शेवटची पायरी सर्वांत निसरडी. मक्यातल्या लष्करी अळीचं उदाहरण घ्या. ही मूळ अमेरिकेतली, भारतात २०१८ मध्ये आधी कर्नाटकात नोंदली गेली आणि लवकरच आपल्या मक्यात पोचली. हिरवट-तपकिरी अळ्या कैक असतात; हिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकी खूण आणि शेपटीकडच्या एका खंडावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके असतात. दोन्ही खुणा असतील तरच स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा लिहा.

रानपिंगळ्याचंही असंच. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास बिनठिपक्यांचं, छातीवर तपकिरी पट्टा, पोट बरंच पांढरं, आणि तो दिवसाही शिकार करतो. ह्यूमने त्याला हेटेरोग्लॉक्स ही वेगळी प्रजाती दिली होती. जनुकीय तपासणीनंतर त्याला पिंगळ्याच्याच अथेनी प्रजातीत धरलं जातं. जातीचं नाव ब्लेविटी तसंच राहिलं.

दोन शब्दी नावाची रीत लिनियसची. प्राण्यांच्या नावांची गणती त्याच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात. पहिला शब्द प्रजाती, दुसरा जाती, आणि दोन्ही तिरप्या अक्षरांत. रोमन लिपीत फक्त प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं. नागरीत तो प्रश्नच नाही. पुढे नाव देणारा आणि साल. आग्या मोहोळाची माशी: एपिस डॉर्साटा फॅब्रिशियस, १७९३. नाग: नाजा नाजा (लिनियस, १७५८). नागाच्या पुढे कंस का? लिनियसने त्याला कोलुबर या प्रजातीत टाकलं होतं, नंतर ती बदलली. कंस म्हणजे ‘जात याने सांगितली, पण तिचं घर पुढे बदललं’.

जात पक्की होत नसेल तर वर थांबा. ‘स्पोडोप्टेरा, जात अनिश्चित’ ही पूर्ण नोंद आहे. ‘पतंगाची अळी, कुल माहीत नाही’ हीसुद्धा. फोनमधलं ओळख सांगणारं अॅप एक नाव सुचवतं, ते मी पेन्सिलीने लिहितो आणि किल्लीने तपासल्याशिवाय पेनाने गिरवत नाही. अवघड कीटकांसाठी कृषी विज्ञान केंद्र किंवा महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग गाठा; १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालय कोलकात्याला असलं तरी पुण्यात तिचं प्रादेशिक केंद्र आहे.

वही भरली की ग्रामपंचायतीकडे जा. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, आणि तिच्यात स्थानिक नावाला जागा आहे. तिथे शास्त्रीय नाव नंतर लिहा. आधी गावात म्हणतात ते नाव लिहा: अहिराणीतलं, तावडीतलं, धडगाव-तोरणमाळकडे भिलोरी आणि पावरीतलं. सांगणाऱ्याने जसं उच्चारलं तसंच, आपल्या कानाला बरं वाटेल असं सुधारून नव्हे, आणि शेजारी शिवाराचं नाव आणि तारीख.